प्रकल्पाचा विषय उसाची मोळी पडण्याआधी ठरवा

मा. संपादक,

शाश्वत ऊर्जेचा विषय घेऊन रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या सीमाभागातल्या मुलामुलींना बहुधा नॅनोकणांचा प्रकल्प मिळतो. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि आलेला आलेख प्रबंधात चिकटवायचा, एवढेच त्यांच्या हाती उरते. इकडे चिक्कोडी, अथणी, हुक्केरी भागात साखर कारखान्यांच्या आवारात प्रेसमडचे, म्हणजे उसाचा रस शुद्ध करताना उरणाऱ्या गाळाचे, ढीग पडलेले असतात. त्यातून मिथेन किती निघेल, हे साध्या काचसामानात मोजता येते.

५०० मिलिच्या नऊ बाटल्या घ्याव्यात आणि सगळ्यांत गोबरगॅसची स्लरी, म्हणजे मिथेन करणारे जिवाणू असलेला राडा, घालावी: तीन प्रेसमडच्या, तीन शुद्ध सेल्युलोजच्या, तीन नुसत्या स्लरीच्या. स्लरी आधी चार-पाच दिवस ३७ अंशांवर ठेवून तिचा स्वतःचा गॅस निघून जाऊ द्यावा. नमुना १०५ अंशांवर वाळवून ५५० अंशांवर जाळला की वजनातली घट म्हणजे सेंद्रिय भाग. स्लरीतला सेंद्रिय भाग प्रेसमडमधल्याच्या दुप्पट हवा. स्लरीत तो दीड टक्का असेल, तर ४०० मिलिला साधारण १५ ग्रॅम ओला प्रेसमड पुरतो. प्रेसमड जास्त घातला तर आम्ले साचतात, सामू (pH) ६.५ च्या खाली उतरतो आणि मिथेन करणारे जिवाणू थंडावतात. बाटलीत नायट्रोजन सोडून बूच घट्ट बसवावे आणि ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये ३० दिवस ठेवावे. वीज जाते तेव्हा बाथला थर्माकोलचे आवरण हवेच.

गॅस ३ मोलर कॉस्टिक सोड्यातून नेला की कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि उरलेला मिथेन मोजता येतो. सोड्यात थायमॉल्फ्थॅलीन हे रंगसूचक घालावे. निळा रंग उडाला की सोडा संपला. फसगत होते ती इथेच. सोडा हायड्रोजन सल्फाइडही शोषून घेतो, त्यामुळे आकडा स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षात तोच वायू इंजिन आणि पाइप खातो. सल्फिटेशन पद्धतीच्या, म्हणजे सल्फर डायऑक्साइडने रस शुद्ध करणाऱ्या, कारखान्याच्या प्रेसमडमध्ये गंधक असतेच. म्हणून गॅस सोड्यात जाण्याआधी त्यात लेड अॅसिटेटचा ओला कागद धरावा. तो काळा पडला तर हायड्रोजन सल्फाइड आहे आणि तशी नोंद प्रबंधात आलीच पाहिजे.

नुसत्या स्लरीचा गॅस वजा केल्यावर सेल्युलोजच्या बाटल्यांनी दर ग्रॅमला ३५० मिलिच्या आसपास मिथेन द्यायला हवा. फारच कमी आला तर बूच गळते आहे किंवा स्लरी मेलेली आहे. अशा वेळी प्रेसमडचे आकडे कितीही छान दिसोत, ते टाकून द्यावेत.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. विषय उशिरा ठरला तर गळीत हंगाम संपत आलेला असतो आणि हाती येतो तो उन्हात पडून अर्धा कुजलेला प्रेसमड. त्याचा मिथेन कमीच येणार. विभागांनी विषय तिसऱ्या सत्रातच द्यावा, ताजा नमुना काढून गोठवून ठेवावा. कारखान्यांनीही नमुन्यासोबत तारीख, ओलावा आणि रस शुद्धीकरणाची पद्धत लिहून द्यावी.

आपले,
पदव्युत्तर रसायनशास्त्राचे काही शिक्षक, बेळगाव