आईच्या खांद्याबद्दल

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

दादाने पाठवलेला व्हिडिओ पाहिला. उजवा हात वर नेताना तू सगळं अंग डावीकडे कलंडवतेस आणि खांदा पार कानापर्यंत उचलतेस. "वय झालं, दुखायचंच" म्हणून तू विषय मिटवलास. पण माझं दिवसभराचं कामच असे खांदे बघायचं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

आधी दादाला एक काम सांग. तू खुर्चीत बस, दंड अंगाला चिकटलेला, कोपर काटकोनात. हात अगदी ढिला सोड. त्याने मनगट धरून हात हळूच बाहेरच्या बाजूला न्यावा. मग डाव्या हाताचं तसंच. त्याने नेऊनही उजवा हात मध्येच भिंत लागल्यासारखा अडत असेल, तर सांधाच आखडलाय. त्याने नेला की जातो, पण तुझा तुला उचलवत नाही किंवा उचलताना कळ येते, असं असेल तर सांधा मोकळा आहे आणि दुखणं बहुधा टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं आहे. दोन्ही दुखणी वेगळी, उपायही वेगळे. त्यामुळे हे बघितल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावरून व्यायाम सुरू करू नकोस.

मला शंका पहिल्याची, म्हणजे फ्रोजन शोल्डरची आहे. साधारण ४० ते ६० या वयात होतो, बायकांना जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांना आणखी जास्त. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, मग जाड होऊन आक्रसतं. सुरुवातीचे काही महिने ठणका फार, रात्री झोप नाही. पुढे दुखणं उतरतं पण हात अडकतो. पाठीमागे हुक लावणं, केस विंचरणं जमत नाही. मग तो हळूहळू सुटतो. या सगळ्याला एक ते तीन वर्षं लागू शकतात. हे नाव १९३४ मध्ये कॉडमन या बॉस्टनच्या सर्जनने दिलं. याची व्याख्या करणं, उपचार करणं आणि कारण सांगणं, तिन्ही अवघड, असं त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय. आजही फार फरक पडलेला नाही, हे आमच्यातले लोक उघडपणे बोलत नाहीत इतकंच!

ठणका जोरात असताना हात ओढून-ताणून कोणाकडूनही मोकळा करून घेऊ नकोस. त्याने सूज वाढते. या काळात सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन बऱ्याच जणांना आराम देतं, पण त्यानंतर काही दिवस साखर चढते. तेव्हा डॉक्टरांना मधुमेहाचं आधी सांग आणि त्या दिवसांत साखर तपासत राहा. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नकोस. किडनी आणि बीपी दोन्हींना त्या त्रास देतात.

घरी करायचं ते असं. डावा हात टेबलावर टेकवून कमरेतून वाक, उजवा हात खाली लोंबू दे आणि अंगाच्या हलक्या झोक्याने तो गोल फिरू दे. हात स्वतः फिरवायचा नाही, इथेच सगळे चुकतात. आधी शेक घेतलास तर बरं. दुखणं थोडं वाढून तासाभरात बसत असेल तर चालेल. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी कर. झोपताना उजव्या कुशीवर नको. उताणी झोप आणि दंडाखाली उशी घे. हात झोळीत अडकवून ठेवू नकोस, तो आणखी आखडेल.

दुखणं टेंडनचं निघालं, म्हणजे हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधेच कळ येते आणि पुढे बरं वाटतं, तर मात्र नुसती विश्रांती उपयोगाची नाही. तिथे हळूहळू वजन वाढवत स्नायू बळकट करावे लागतात, निदान तीन महिने. एमआरआयची घाई नको. साठीनंतर ज्यांना काहीच दुखत नाही त्यांच्याही टेंडनमध्ये चिरा दिसतात, आणि रिपोर्ट वाचून माणूस उगाच घाबरतो. पडल्यावर एकदम हात उचलेनासा झाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचं नाही.

कळ कोपराच्या खाली बोटांपर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर मान तपासायला हवी. चालताना खांदा किंवा हात दुखतो, सोबत घाम, धाप, छातीवर दडपण, असं कधी झालं तर व्यायाम बाजूला आणि थेट हॉस्पिटल. हे बाबांनाही वाचून दाखव.

हाडांच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात जाऊन ये. साधा एक्स-रे काढतील; सांध्याची झीज असली तर तीही हात अशीच अडवते, ती त्यात कळेल. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट जुना झाला असेल तर तोही नवा करून घे. आणि दादाने हात फिरवून बघतानाचा व्हिडिओ मला पाठव, समोरून काढलेला, दोन्ही हातांचा.

तुझी,
धाकटी