दुसरा सामना

डिचोली, रविवार

प्रिय कुंदे,

हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून तुलाच लिहिते. माझा गुडघा आहे तसाच आहे, यांची साखर ताब्यात आहे, तो विषय संपला.

सत्तरी तालुक्यातली ती माझी विद्यार्थिनी आठवते ना? फोनवर तुझ्याशी ऑफसाइडवरून तासभर हुज्जत घालून शेवटी तुलाच गप्प बसवलेली? चतुर्थीच्या आधी तिनं एका गावच्या फुटबॉल स्पर्धेत फायनलची कॉमेंट्री केली. मराठीतून, मध्ये मध्ये कोकणी. पाऊस मी म्हणत होता. माइकला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, टीम-शीट भिजून नंबरांची शाई पसरलेली, आणि ही पोरगी खेळाडूंना त्यांच्या धावण्यावरून ओळखत होती! 'चेंडू उजव्या बगलेला, कॉर्नरच्या झेंड्यापासून पाच पावलं' असं ती म्हणाली तेव्हा मी डोळे मिटले. तरी मैदान दिसत होतं गो. चेंडू कुठे, कुणाच्या पायात, स्कोअर किती. आकाशवाणीच्या पायऱ्यांवर बसून आपण हेच घोकायचो.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पहिली मुलगी म्हणून कौतुक, शाल, नारळ. मानधन नाही. आणि पुढच्या स्पर्धेला तिनं आपणहून विचारलं, तर आयोजक म्हणाले, 'बक्षीस समारंभाचं निवेदन कर, साडी नेसून ये. कॉमेंट्रीला आमचा माणूस आहे.'

कुंदे, माझ्या पोटात तेव्हापासून जे कालवतंय ते हेच. तू म्हणायचीस, एकदा दार उघडलं की उघडलं. मी तेव्हाही भांडले, तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा भांडले (तुझी मेंदी माझ्या ओढणीला लागली ती अजून निघालेली नाही), आणि आजही भांडेन. चंद्रा नायडू, क्रिकेटपटू सी. के. नायडूंची मुलगी, 1977 साली इंदूरला मुंबई आणि इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाच्या क्रिकेट सामन्याची कॉमेंट्री करून गेल्या. तरी आपण मायक्रोफोन मागितला तेव्हा त्यांचं नाव कुणाला ठाऊक होतं? अमेरिकेचं बघ. गेल सीरेन्सनं 27 डिसेंबर 1987 ला त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या सामन्याचं धावतं वर्णन केलं, पहिली बाई. मग ती टीव्हीवर बातम्या द्यायच्या नोकरीकडे परतली. नियमित हंगामात त्या खुर्चीत दुसरी बाई, बेथ मोविन्स, बसली ती 2017 ला. तीस वर्षं! पहिलीचा फोटो सगळे काढतात. दुसरा सामना कोण देणार, हे कुणीच विचारत नाही.

त्याच 1987 साली तिकडच्या क्रीडा पत्रकार बायकांनी स्वतःची संघटना उभी केली. शिकणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती आणि पगारी इंटर्नशिप मिळावी म्हणून त्या झटतात. पगारी, हे लक्षात घे. आपल्याकडे मुलीला म्हणतात, 'अनुभव मिळतोय ना?' अनुभवानं बसचं तिकीट निघत नाही.

आणि खरी गोम बसचीच आहे. ही बातमी करायला जाते तो साडेसातला सुरू झालेला सामना मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर साडेनऊला संपतो. मग प्रशिक्षकांची पत्रकार परिषद, मग खेळाडू बाहेर यायची वाट बघणं, मग बातमी. मडगावहून पणजी गाठली तरी तिच्या सत्तरीतल्या वाळपईची कदंब बस केव्हाच गेलेली असते. मुलगे कुणाच्या तरी मागे बाइकवर बसून जातात. हिचे बाबा स्टँडवर रात्री साडेअकरापर्यंत उभे राहिले दोनदा, आणि तिसऱ्यांदा म्हणाले, बीएड कर. मला त्यांचा राग येत नाही. पहाटे उठून काजूच्या बागेत जाणारा माणूस किती रात्री जागेल?

पण पोरीला हे वेड कुठे लागलं ते ठाऊक आहे? 2022 ला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाच्या दोन्ही सेमीफायनल फातोर्ड्यात झाल्या, तेव्हा ती बारावीत होती. कोलंबिया आणि नायजेरिया पेनल्टीवर गेले, कोलंबिया जिंकली. ही स्टँडमध्ये बसून प्रत्येक किक मोठ्यानं सांगत होती आणि आसपासचे लोक मैदान सोडून हिच्याकडे वळून ऐकत होते. असा गळा वर्गात फळ्यासमोर बसवायचा? तुझा बसवला तेव्हा मी काही करू शकले नाही. तू सुखात आहेस, कबूल. तरी तो आवाज वाया गेला असंच मी मरेपर्यंत म्हणणार, तू कितीही रुसलीस तरी.

नातीचं बारसं झालं का? फोटो पाठव. धाकट्याच्या नोकरीचंही कळव. शारजाचा उकाडा सोसवत नसेल तर डिसेंबरात ये सरळ.

आता मागणं. मडगावातलं बोर्ड्याचं तुझं घर बंद आहे. मला मागच्या खोलीची चावी हवी. सामन्याच्या रात्री ही आणि माझ्या वर्गातल्या आणखी दोघी तिथं झोपतील आणि सकाळच्या बसनं घरी जातील. शेजारच्या आंटीशी मी बोलले, ती लक्ष ठेवायला तयार आहे. वीजबिल मी भरीन, पंखा दुरुस्त करून घेईन. हिच्या बाबांशी तू स्वतः फोनवर बोल, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील. आयोजकांशी मी बोलते. पुढच्या स्पर्धेत निदान दुसरा हाफ तिला आणि रोख मानधन, याच्याखाली मी येणार नाही.

भावाला सांगून ठेव की चावी मागायला मी येतेय. सीझन सुरू व्हायच्या आत हवी.

तुझीच,
मंगल