डिस्चार्जनंतरची शुश्रूषा कोणाच्या हिशेबात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याबद्दल अलीकडे बरेच छापून येते. ७० वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेत घेण्यास ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुवात झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील जीएसटीही गेला. या दोन्ही निर्णयांचे मी मनापासून स्वागत करते. मात्र जो खर्च कुटुंबाला खरोखर मेटाकुटीला आणतो, तो रुग्णालयातला नसून रुग्णाला घरी आणल्यानंतरचा असतो, आणि त्याविषयी कोणी बोलताना दिसत नाही.

माझ्या सासूबाईंना ७९व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. रुग्णालयात त्या अकरा दिवस होत्या. त्या बिलाचा मोठा भाग विमा कंपनीने दिला. त्यानंतर चार वर्षे तीन महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्या काळातला सगळा खर्च आम्ही केला. दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन बायका परवडत नसल्याने ब्युरोकडून चोवीस तासांची एकच बाई घेतली, तिचे महिन्याला २४ हजार रुपये. त्यातले तुमच्या हातात किती पडतात, असे विचारले की त्या मावशी गप्प बसत. शिवाय डायपर, नळीतून द्यायचे अन्न, लघवीच्या पिशव्या, फिजिओथेरपी, असे धरून महिना ४० हजारांच्या आत कधी भागला नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली. वीज गेली की तिच्यातली हवा हळूहळू उतरायला लागे आणि मावशी व मी चादरीची दोन टोके धरून सासूबाईंना कुशीवर वळवत असू. शेवटी केवळ त्या गादीसाठी इन्व्हर्टर घेतला.

यातले विम्यात काय बसते? आयुष्मान योजना डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचा खर्च देते. खासगी पॉलिसी बहुधा ६० किंवा ९० दिवसांचा, तोही औषधे, तपासण्या अशा वैद्यकीय बाबींचा. डायपर आणि मदतनिसाचे पैसे तर रुग्ण रुग्णालयात असतानासुद्धा सहसा मिळत नाहीत. राहिली स्वतःची पुंजी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेइतके म्हणजे ३० लाख रुपये ८.२ टक्के व्याजाने ठेवले, तर महिन्याला सरासरी २०,५०० रुपये पडतात. म्हणजे एवढी शिल्लक असलेल्या भाग्यवंतालाही मावशींचा पगार व्याजातून देता येणार नाही. ज्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची (ईपीएस-९५) किमान १,००० रुपये पेन्शन किंवा श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये मिळतात, त्यांच्या घरी ही शुश्रूषा सून किंवा मुलगी नोकरी सोडून करते, आणि तिच्या बुडालेल्या पगाराची मोजदाद कोणी करत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरण मुलांना जास्तीत जास्त दरमहा १० हजार रुपये निर्वाहभत्ता द्यायला सांगू शकते. ही मर्यादा काढून टाकण्याचा प्रस्ताव असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही.

एका गोष्टीत चूक आमचीच होती आणि इतरांनी ती करू नये म्हणून सांगते. सासूबाईंची मुदत ठेव एकट्या त्यांच्या नावावर होती. नॉमिनी म्हणून माझ्या यजमानांचे नाव असल्याने आम्ही निर्धास्त होतो. झटक्यानंतर त्यांची वाचा गेली, समजही गेली, आणि बँकेने सांगितले की नॉमिनीचा संबंध खातेदाराच्या मृत्यूनंतर येतो. आधी करून ठेवलेले साधे मुखत्यारपत्रही करून देणाऱ्याची समज गेली की कायद्याने संपुष्टात येते. पुढचा मार्ग न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा होता. त्याचा खर्च आणि वेळ पाहून आम्ही तो सोडून दिला. त्यांचे स्वतःचे पैसे त्यांच्या औषधपाण्याला कधीच उपयोगी पडले नाहीत, ते त्या गेल्यावर आमच्या हाती आले. म्हणून साठी उलटलेल्या प्रत्येकाने निदान एक खाते विश्वासातल्या माणसाबरोबर ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने संयुक्त करावे आणि ठेव मुदतीपूर्वी एकट्याच्या सहीने मोडण्याची मुभा ती ठेवतानाच बँकेला लिहून द्यावी. घरात हा विषय काढणे अशुभ मानले जाते, हे मला माहीत आहे. आमच्याकडेही तो त्याच कारणाने निघाला नव्हता.

जपानमध्ये २००० सालापासून शुश्रूषेचा स्वतंत्र विमा आहे आणि चाळिशीपासून प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावाच लागतो. आपल्याकडे तेवढे लगेच होणार नाही, हे मी जाणते. तरी १० हजारांची मर्यादा उठवणे, अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठाच्या घरी आठवड्यातून एकदा सरकारी परिचारिका पाठवणे, आणि हवेची गादी व खाट प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयातून अल्प भाड्याने देणे, एवढे राज्य सरकारने आणि केंद्राने आपापल्या अखत्यारीत लवकर करावे, अशी माझी विनंती आहे. आमची गादी आणि खाट अजून चांगल्या अवस्थेत आहेत. अशी सोय झाल्यास पहिली भर आम्ही घालू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली