खिडकी उघडायची की लावायची? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

नदीतली जलपर्णी दिवाळीआधी निघेल, असा शब्द आपण दिला होतात. दिवाळी होऊन गेली, मार्गशीर्ष सरत आला, मुठेवरचा हिरवा गालिचा जागच्या जागी आहे. त्यात परवा आपलं आवाहन आलं : हवा खराब आहे, सकाळ-संध्याकाळ घरातच थांबा, दारंखिडक्या लावून घ्या. काळजीबद्दल आभारी आहोत. लावलेल्या खिडकीच्या आत काय शिजतं, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पुणं बशीत वसलंय. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, वारा पडलेला. रात्री जमीन गारठते, तिच्यालगतची हवाही गारठते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. वाहनांचा धूर, उकरलेल्या रस्त्यांची धूळ, शेकोटीतला थर्माकोल, सगळं त्या झाकणाखाली. (शेकोटी वॉचमनची. त्याला जाड जॅकेट द्यायला आमच्याच सोसायट्यांचा हात आखडतो, हेही खरं.) ऊन तापेपर्यंत, म्हणजे दहा-अकरापर्यंत झाकण उठत नाही. पीएम 2.5 चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचा सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढा. स्लायडिंगच्या फटीतून तो सहज आत येतो.

आता घरातली भर. जलपर्णीमुळे डास, डासांमुळे साडेपाचला खिडक्या बंद, आणि तरी कॉइल. एक कॉइल जळून संपेपर्यंत 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं मोजलं गेलंय. आम्ही निर्व्यसनी माणसं, साहेब!

गॅस गिझरचा हिशेब तर अंगावर काटा आणणारा. 6 लिटरचा गिझर ताशी सुमारे 900 ग्रॅम गॅस जाळतो आणि त्यासाठी 11-12 घनमीटर हवा खातो. 5 बाय 7 फुटांच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम 9 घनमीटर. लागोपाठ दोघांच्या आंघोळी, वीस मिनिटं, की निम्म्याच्या आसपास संपली. थंडी लागते म्हणून वरच्या काचपट्ट्यांना पुठ्ठा लावलेला. मग ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. गिझर ड्राय बाल्कनीत हवा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. ज्योत निळीची पिवळी झाली की त्याच दिवशी बंद करून दुरुस्तीला माणूस बोलवायचा. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलो पाण्याची वाफ होते. ती गार भिंतीवर बसते आणि कपाटामागे बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवावं.

स्वयंपाकघरातल्या चिमणीचं तोंड 6 इंची, बिल्डरने भिंतीला ठेवलेलं भोक 4 इंची. वाट निम्म्याहून अरुंद झाली. नुसता आवाज वाढतो, फोडणीचा धूर घरातच. डक्टलेस, म्हणजे बाहेर नळी न काढलेली चिमणी तेलकटपणा तेवढा धरते. वाफ आणि ज्वलनाचे वायू परत नाकाशी.

म्हणून खिडक्या उघडायची वेळ दुपारची, एक ते चार. याच वेळेवरून पुणेकरांची थट्टा होते. हिवाळ्यात तेवढेच तीन तास धड हवा मिळते. पण तेव्हा घरी असतं कोण?

आता उरलंसुरलंही ऐका. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड, असा हरित लवादाचा आदेश 2016 चा. पावत्या किती फाटल्या? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 पासून चालू आहे, पुणे त्यात आहे. हवेचा अंदाज देणारी 'सफर' यंत्रणा इथल्याच पाषाणच्या हवामान संस्थेत घडली. आम्ही अजून वासावरून ठरवतो. पीएम 2.5 ची 24 तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेची घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम, आपली 60. आमची फुप्फुसं चौपट मजबूत आहेत, असं आपण गृहीत धरलेलं दिसतं! आणि ही 60 सुद्धा बाहेरच्या हवेची. खोकणारं पोर बारा तास ज्या खोलीत असतं, तिथली मोजायला कोण येतो? नवं बांधकाम मंजूर करताना पार्किंग मोजता, बाथरूमचा झरोका उघडा आहे का, ते बघत नाही. अर्ज दिला की 'योग्य कार्यवाहीसाठी' दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्या. तोवर साहेबांची बदली, आणि जलपर्णीला नवे कोंब.

माणूस पाठवणार असाल, तर एक ते चारमध्येच पाठवा. इतर वेळी आपल्याच सल्ल्यानुसार दारं बंद असतात.

आपले,
मुठेकाठचे रहिवासी