छोटी रेल्वे आणि आमच्यासारखी मोठी माणसं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये मध्यंतरी छोट्या रेल्वेगाड्यांचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या बातमीत ‘आबालवृद्धांनी आनंद लुटला’ असं वाचलं. त्यातल्या वृद्धांनी तो नेमका कसा लुटला, हे मात्र छापायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र.

मी रेल्वेत गार्ड होतो. (हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणतात. पगार घेतला तो मात्र गार्डचा.) सगळी नोकरी लोकांनी मला दोनच प्रश्न विचारले: गाडी का थांबली आणि कधी सुटणार? आपापल्या छोट्या गाड्या मांडून टेबलाच्या पलीकडे घामाघूम होऊन उभी असलेली ती पोरं पाहिली आणि वाटलं, आता विचारायची पाळी आपली.

सुरुवात सोप्यात करावी. ‘हे चावीवर चालतं का?’ मग ‘चायनाचं का?’ आणि मग ‘इंजिन केवढ्याला पडलं?’ त्यानं हळूच आकडा सांगितला की मागं वळून आपल्या बायकोला तो मोठ्यानं सांगावा. म्हणजे जेवणाचा डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोलाही तो पहिल्यांदाच कळतो. या एका प्रश्नानं जे काम होतं, ते बाकी सगळे मिळून करत नाहीत.

अभ्यासू मंडळींसाठी वरचा वर्ग आहे. या छंदात ‘एचओ’ नावाचं माप फार चालतं. त्यात सगळं खऱ्याच्या ८७ पट लहान आणि दोन रुळांतलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर. परदेशात जास्त चालणाऱ्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजला ते बरोबर बसतं. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ ची. ८७ नं भागा, १९.३ येतात. म्हणजे आपलं डिझेल इंजिन त्या रुळांवर धाकट्या भावाची चप्पल घालून उभं असतं. ते बनवणाऱ्याला हे ठाऊक असतं, त्यापायी त्यानं रात्री जागवलेल्या असतात. म्हणूनच मान तिरकी करून एवढंच म्हणायचं, ‘रूळ जरा अरुंद वाटतात का ओ?’

घड्याळ असेल तर आणखी मजा. गाडीनं मीटरभर अंतर एका सेकंदात कापलं की ८७ नं गुणून हिशेब सांगावा, ‘तुमची पॅसेंजर ताशी ३१३ किलोमीटरनं पळतेय. आपल्या वंदे भारतला हे कधी जमायचं!’ डबे मोजावेत. चार असतात. ‘बाकीचे वीस कुठं?’ चोवीस डब्यांची गाडी त्या मापातही वीस फूट होते आणि टेबल असतं आठ फुटांचं. हेही त्याला ठाऊक असतं.

एका टेबलावर बर्फाचे डोंगर, बोगदे आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गायी होत्या. भर सोलापुरात बर्फ! मी विचारलं, ‘यात कुर्डुवाडी कुठली?’
‘काका, हे स्वित्झर्लंड आहे.’
‘बरं, मग पंढरपूरला जायचं तर गाडी कुठं बदलायची?’

चेष्टा सोडा, पण हे माझं खरं दुखणं आहे. आपल्या जिल्ह्यानं तिन्ही गेज पाहिले. मुंबईची ब्रॉडगेज सोलापुरात आली १८६० मध्ये, पुढं होटगीहून विजापूर-गदगला मीटरगेज, आणि १८९७ पासून कुर्डुवाडी-बार्शीची अडीच फुटी नॅरोगेज, जी नंतर पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. आता सगळीकडं ब्रॉडगेज झाली. निदान टेबलावर तरी ती छोटी गाडी दिसावी की नाही? तिथं आल्प्स!

तेवढ्यात शेजारच्या एका गृहस्थांनी ‘हा सिग्नल का?’ म्हणत रुळावरच बोट टेकवलं. हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. या गाड्यांना वीज रुळांतूनच चाकांवाटे मिळते आणि तेलाचा थर लागला की ती तिथंच अडते. पुढच्या फेरीला गाडी बोगद्याच्या तोंडाशी थांबली. पोरगं फडकं आणि स्पिरिट घेऊन वाकलं. असा योग पुन्हा येत नाही. मी पुढं झालो.
‘गाडी का थांबली?’
‘सिग्नल नाही, काका.’
‘कधी सुटणार?’
‘सिग्नल मिळाला की.’

सबंध नोकरी मी हीच दोन उत्तरं देत आलो होतो.

रूळ पुसून झाल्यावर त्यानं माझ्या हातात गाडी चालवायचा कंट्रोलर दिला. ‘जरा बघता का? चहा घेऊन येतो.’ तो गेला, तो तासाभरानं आला. मधल्या वेळात नातवाला कडेवर घेऊन एक गृहस्थ आले आणि वाकून म्हणाले, ‘का ओ, हे चावीवर चालतं का?’

म्हटलं, ‘हो, पण चावी कुर्डुवाडीला राहिलीय.’

आपला,
एक निवृत्त गार्ड, सोलापूर