आई-बाबा, मी पाळक व्हायचं ठरवलंय

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

ही गोष्ट व्हिडिओ कॉलवर सांगायची नव्हती. कॉलवर बाबा "बरं, बरं" म्हणून फोन तुझ्या हातात देतात आणि तू लगेच "जेवलीस का?" विचारतेस. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबांनी मोठ्यानं वाचावं, आईच्या डोळ्याला अजून ताण द्यायचा नाहीये.

सप्टेंबरपासून मी केंब्रिजच्या रिडली हॉलमध्ये पाळकीय शिक्षणाला जाणार आहे. बिशपांची संमती आली. हॉस्पिटलची नोकरी ऑगस्टअखेर सोडतेय. दोन वर्षं शिक्षण, मग डीकन, म्हणजे पाळकपदाची पहिली पायरी, म्हणून दीक्षा, वर्षभरानं प्रीस्ट, म्हणजे पूर्ण पाळक, म्हणून, आणि सुरुवातीची तीन-चार वर्षं एखाद्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, क्युरेट, म्हणजे मुख्य पाळकाच्या हाताखालचा पाळक. म्हणजे नाशिकला येऊन तुमच्याजवळ राहायचं आपण जे बोललो होतो, ते इतक्यात होत नाही. हे वाक्य लिहिणं सगळ्यात जड होतं, म्हणून पहिल्याच पानावर लिहून टाकलं.

पैशाची काळजी मुळीच करू नका. शिक्षणाची फी चर्च भरतं. क्युरेट झाले की राहायला घर मिळतं, मानधन मिळतं, पुढे पेन्शनही आहे. तुमच्या जावयांची नोकरी चालूच आहे. मावशींचा पगार, बाबांच्या गोळ्या, आईचे डोळ्याचे ड्रॉप्स, यातलं एकही बंद होणार नाही. दादाशी बोलून झालंय. तो दर पंधरा दिवसांनी पुण्याहून येणार आहे. त्याला "कशाला आलास, पेट्रोल किती लागतं" असं म्हणू नका.

आता का, ते. आई, तू म्हणशील, नर्सिंग हीसुद्धा प्रभूची सेवाच आहे. आहेच. मी ती कंटाळून सोडत नाहीये. पण आमच्या विकरनं, म्हणजे इथल्या मुख्य पाळकांनी, मला आजारी आणि म्हाताऱ्या माणसांकडे प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेऊन जायची जबाबदारी दिली, तेव्हापासून माझ्या मनात हे सुरू झालं. इथल्या वृद्धाश्रमात एक आजोबा आहेत. स्वतःच्या मुलीला ओळखत नाहीत. छोट्या चांदीच्या डबीतून भाकर घेऊन मी त्यांच्यासमोर बसते आणि आजच्या साध्या इंग्रजीतली प्रभूची प्रार्थना सुरू करते, तर ते हात वर करून मला थांबवतात आणि १६६२ च्या जुन्या प्रार्थना पुस्तकातले शब्द म्हणू लागतात. एकही शब्द चुकत नाही. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातलं गीत कोणी नव्या चालीत म्हटलं की बाबा जसे थांबवतात, अगदी तसं. त्यांचं बोट धरून तिथं बसलेली असताना मला वाटत राहतं की हेच माझं काम आहे, आयुष्यभराचं. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, म्हणतात ते हेच का, हे मी एकटीनं ठरवलं नाही. विकर, डायोसीसचे (बिशपांच्या प्रांताचे) अधिकारी, निवड समिती, सगळ्यांनी महिनोन्महिने मला तपासून पाहिलं. लग्न, मूल, राग, कर्ज, प्रार्थनेची सवय, काही म्हणजे काही विचारायचं ठेवलं नाही.

बाबा, तुम्ही मला व्हॉट्सअ‍ॅपवर बातम्या पाठवता, त्या मी सगळ्या वाचते. चर्च ऑफ इंग्लंड फुटायला आलंय आणि तू त्यात कुठे शिरतेस, हा तुमचा प्रश्न योग्यच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जनरल सिनॉडनं, म्हणजे चर्चच्या मुख्य सभेनं, समलिंगी जोडप्यांसाठीच्या प्रार्थनांचं स्वागत केलं, डिसेंबरपासून त्या वापरात आल्या, आणि तेव्हापासून बायबलचा शब्द शेवटचा मानणाऱ्या आम्हा इव्हँजेलिकल मंडळींत कोणी सुखानं झोपलेलं नाही. काही मंडळ्यांनी डायोसीसला जाणारे पैसे वेगळ्या फंडात वळवले. आफ्रिका-आशियातल्या कितीतरी बिशपांनी कँटरबरीच्या आर्चबिशपांना जगभरच्या अँग्लिकनांचा, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांचा, पुढारी मानणं सोडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये गॅफकॉन या जुन्या मताच्या अँग्लिकनांच्या गटानं तर खरी अँग्लिकन सहभागिता आता आम्हीच, असं जाहीर केलं. त्याच महिन्यात इथल्या बिशपांनी सांगितलं की अशा प्रार्थनांची स्वतंत्र उपासना सिनॉडच्या पूर्ण प्रक्रियेशिवाय सुरू होणार नाही. म्हणजे वाद मिटलेला नाही.

लग्नाबद्दल पवित्र शास्त्र जे शिकवतं तेच मी धरते, तुम्ही शिकवलंत तसंच, आणि निवड समितीपुढेही तेच सांगितलं. पण माझ्या बुधवारच्या गटात एक मुलगा येतो. या सगळ्या वादात त्याच्यासारख्यांबद्दल कोण काय बोललं, ते त्याला पाठ आहे. त्याच्याशी बोलताना ज्या पाळकाचा आवाज मऊ होत नाही, तसा पाळक मला व्हायचं नाही. खरी शिकवण आणि प्रेम यांत निवड करा असं आमच्यातलेच काही लोक सांगतात, ते मला पटत नाही. आणि निघून जाणं तर मुळीच पटत नाही. आपल्या मंडळीत जमिनीवरून कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या, लोक पलीकडच्या हॉलमध्ये जाऊन बसू लागले, तेव्हा तुम्ही दर रविवारी त्याच बाकावर जाऊन बसत होतात. मी तेव्हा नववीत होते. मी बघत होते.

दुसरी बातमी तुम्ही पाठवली नाहीत, पण वाचली असणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेकिन अहवाल आला. जॉन स्माइथनं मुलांवर आणि तरुणांवर केलेल्या अत्याचारांचं सगळं त्यात आहे, आणि त्यावरून कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप वेल्बींना राजीनामा द्यावा लागला. ती मुलं त्यानं आमच्याच पठडीतल्या उन्हाळी शिबिरांतून गाठली होती, जिथं बायबल उत्तम शिकवलं जायचं. इव्हँजेलिकल म्हणून मला याची लाज वाटते आणि रागही येतो. पण अशा चर्चमध्ये नर्सेस हव्यात, बाबा. अंगावरचा वळ बघून प्रश्न विचारायची आम्हाला सवय असते, आणि समोरचा माणूस किती मोठा आहे हे आम्ही बघत नाही.

आई, हे तुझ्यासाठी. कँटरबरीच्या पहिल्या बाई आर्चबिशप, सारा मुल्लाली, आधी कॅन्सर वॉर्डात नर्स होत्या, आणि १९९९ मध्ये साऱ्या इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी झाल्या. वादाच्या त्या प्रार्थनांबाबत त्यांचं आणि माझं मत जुळत नाही. तरी एक नर्स तिथवर जाते हे वाचून मी ड्यूटीवरच रडले.

बाबा, आता तुमचा खरा अडसर. तीमथ्याला पहिले पत्र, दुसरा अध्याय: स्त्रीनं पुरुषाला शिकवू नये, ते वचन. तुम्ही ते तोंडावर बोलणार नाही, पण मनात आहे ते मला ठाऊक आहे. इथंही असं मानणारे पुष्कळ आहेत. सिनॉडनं स्त्रियांच्या प्रीस्टपदाला नोव्हेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली, तरी आजही ज्या मंडळ्यांना स्त्री पाळक मान्य नाही त्यांच्यासाठी वेगळा बिशप आहे, आणि ते लोक चांगले, प्रार्थनाशील आहेत. माझ्या हातून प्रभुभोजन घ्यायला तुमचं मन तयार होणार नसेल तर मी वाईट वाटून घेणार नाही. खरंच नाही. फक्त मंडळीची सेविका फीबी हिच्याबद्दल रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात काय लिहिलंय ते एकदा पुन्हा वाचा. आणि आजी पंडिता रमाबाईंच्या केडगावची होती हे विसरू नका. रमाबाईंनी इथंच, इंग्लंडातल्या वाँटेजला, १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांनी इंग्रज पुरुषांना शिकवावं असं ठरत होतं, तेव्हा बिशपांनी आडकाठी केली, आणि बाईंनी त्यांच्यापुढे मान तुकवली नाही. आज याच चर्चच्या कॅलेंडरमध्ये ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या नावाचा आहे.

केंब्रिजला गेले होते तेव्हा बाजारपेठेजवळच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये बराच वेळ बसले. चार्ल्स सिमियन १७८२ ते १८३६ तिथं पाळक होते. सुरुवातीला मंडळीला ते नको होते, म्हणून लोकांनी आपापल्या बाकांना कुलपं लावली. ऐकायला येणारे वाटेत उभे राहायचे. सिमियननी त्यांच्यासाठी स्वखर्चानं बाकं आणली, तर तीही चर्चवॉर्डननी, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांनी, बाहेर फेकली. तरी ते तिथंच राहिले, चोपन्न वर्षं. १७९९ मध्ये सीएमएस ही मिशनरी संस्था ज्यांनी उभी केली त्यांत ते होते, आणि पुढे सीएमएसनंच नाशिकला शरणपूरची ख्रिस्ती वसाहत वसवली. तिथली गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं, त्यांतला जेकब वेनराइट, त्यानं इंग्लंडपर्यंत सोबत केलेला मिशनरी लिव्हिंगस्टनचा मृतदेह, हे सगळं तुम्ही संडे स्कूलमध्ये आम्हाला इतक्यांदा सांगितलंत की मधल्या टप्प्यावर मी झोपायचे आणि तुम्ही मला खांद्यावर टाकून घरी आणायचा. मला अजून तुमच्या शर्टाचा वास आठवतो. त्या गोष्टीचं इकडचं टोक आता मला दिसलं, एवढंच. मी परक्यांकडे जात नाहीये, बाबा.

तुमच्या नातीचं, चिनूचं, मराठी सुटणार नाही. रात्रीची प्रार्थना आम्ही मराठीतच करतो आणि "आमच्या आकाशातील पित्या" ती न अडखळता म्हणते.

आता नीट ऐका. बाबा, शुगरची गोळी नाश्त्याआधी घ्यायची, नंतर नाही, आणि "आज चर्चमध्ये केक होता म्हणून" अर्धी जास्त घ्यायची तर मुळीच नाही. बाथरूममध्ये दांडे बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका. टाकीचा कॉक बघायला गच्चीवर चढायचं बंद, पावसाळ्यात तर अजिबात नाही, वॉचमनला सांगा. आई, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ढकलायचं नाही. मी वार्षिक रजेत जुलैत येतेय, तेव्हाच उरकू. मावशींना रविवारची सुट्टी दे, पण त्या दिवशी गॅसजवळ एकटीनं भाकऱ्या करत बसू नकोस. दादा डबा लावून देईल.

दोघांचे पासपोर्ट आधी काढून ठेवा. आईच्या नावातलं स्पेलिंग आधारवर वेगळं आहे, ते बाबांनी याच महिन्यात दुरुस्त करून घ्यावं, नाहीतर व्हिसाला अडेल. दीक्षाविधी कॅथीड्रलमध्ये उन्हाळ्यात असतो, तरी बाबांना थंडी वाजेलच, तेव्हा तो करडा स्वेटर कोणाला देऊन टाकू नका. आणि बाबा, बिशपांच्या कार्यालयाला माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा आहे. चर्च ऑफिसमधून नक्कल काढून, शिक्का नीट उमटलाय का ते बघून, दादाच्या हाती द्या. पोस्टानं नको.

तुमची,
छोटी