‘तारीख तुम्ही लिहा’ म्हणणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणणार आणि विषय पाण्याच्या टाकीवर नेणार, हे ठाऊक आहे. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. आपल्या सोसायटीत यंदा विकायला निघालेल्या प्रत्येक फ्लॅटची फाइल तुमच्या टेबलावरून गेली. बँकेच्या गृहकर्ज खात्यातून निवृत्त झालेला माणूस दुपारची झोप मोडून दुसऱ्यांच्या गिऱ्हाइकांची पारख करत बसतो, आणि तेही एक पैसा न घेता, हे पुण्यात सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही.

तुमच्या आधी आमच्याकडे पारख म्हणून एकच वाक्य होतं: ‘पार्टी स्ट्राँग आहे.’ एजंट फोनवर म्हणायचा आणि आम्ही मान डोलवायचो. दोन्हीकडून दोन-दोन टक्के मागणाऱ्या त्या माणसाने स्ट्राँग म्हणजे नेमकं काय, हे एकदाही सांगितलं नाही. पहिली स्ट्राँग पार्टी टोकनचा, म्हणजे बयाण्याचा, चेक देऊन ‘सोमवारपर्यंत भरू नका’ म्हणाली. तो सोमवार काही उजाडला नाही. दुसऱ्या पार्टीकडे बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र होतं, अगदी खरंखुरं. त्या पत्राच्या भरवशावर अडीच महिने जाहिरात उतरवून ठेवली, आणि मग कळलं की बँकेने घर अजून पाहिलंच नव्हतं. एजंट म्हणाला, ‘होतं असं कधी कधी.’

आणि मग तुमचं ते कॅलेंडरचं पान.

खरेदीदार नवरा-बायको आणि नवऱ्याचे वडील, तिघं समोर बसले होते. तुम्ही आधी आमच्या फ्लॅटची फाइल त्यांच्याकडे सरकवलीत: मूळ करार, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. ‘हे आमचं, सावकाश बघा,’ म्हणालात. ते चाळत होते तेवढ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून, मागच्या कोऱ्या बाजूला तीन रकाने आखलेत. रक्कम, कुठून, कधी. भाव ८० लाख. बँक ८० टक्के देते असं धरलं तर ६४ लाख कर्ज आणि १६ लाख पदरचे. त्याखाली पुण्याची ७ टक्के स्टँप ड्युटी, ५ लाख ६० हजार. त्याखाली नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही आकडे बँक घराच्या किमतीत धरत नाही, त्यामुळे तेही खिशातूनच. एकूण २१ लाख ९० हजार. नवऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं की त्याने मनाशी फक्त १६ धरले होते. खोटेपणा नव्हता त्यात. बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो, आणि व्यवहार फिसकटायची ही सगळ्यात साधी जागा आहे. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट, म्हणजे ८० हजार वाचतात, हेही तुम्ही त्यांनाच सांगितलंत. आमच्या बाजूचे असून!

मग पान फिरवून त्यांच्यासमोर धरलंत, पेनाचं टोपण काढलंत आणि पेन त्यांच्या हातात दिलंत. ‘आकडे मी लिहिले. तारीख तुम्ही लिहा.’

काका, सगळ्या प्रकारात माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट एवढीच आहे. ‘पैसे आहेत ना नक्की?’ असं विचारलं असतं तर समोरून ‘हो हो, काळजीच नको’ असं आलं असतं आणि आपण दोघंही आपापल्या खोटेपणात सुखी झालो असतो. हातात पेन असलं की माणूस थांबतो. नवऱ्याने लिहिलं: एफडी, ७ लाख, या आठवड्यात. पीएफ, ६ लाख, एक महिना. गावची जमीन, ९ लाख, पुढच्या महिन्यात. त्या तिसऱ्या ओळीवर तुम्ही शंका घेतली नाहीत. वडिलांकडे बघून एवढंच विचारलंत, ‘सातबाऱ्यावर नावं किती?’ वडील म्हणाले, माझं आणि तिघी बहिणींचं. मग सगळेच गप्प. जमीन वर्ग दोनची, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली, असती तर बहिणींच्या सह्यांवर भागलं नसतं, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही लागली असती. इथे नुसत्या सह्या बाकी होत्या, पण त्या केव्हा होतील ते कुणी सांगावं? त्याने स्वतःच ती ओळ खोडली. मग बायकोने पेन घेऊन लिहिलं: म्युच्युअल फंड, ५ लाख, आठ दिवस. उरलेले ४ लाख लिहून तारखेची जागा तिने कोरी सोडली.

ते गेल्यावर आम्ही त्या कोऱ्या जागेवरून कुरकुर केली, तेव्हा तुम्ही म्हणालात की मला ती कोरी जागाच आवडली, त्या मुलीला खोटी तारीख टाकता आली असती. आणि नोंदणीचा दिवस ती जागा भरल्यावर ठरवायचा, असं सुचवलंत. अठराव्या दिवशी ती भरली.

बँकेचं पत्र कसं वाचायचं, हे दुसरं शिक्षण. तत्त्वतः मंजुरीचं पत्र पगार आणि सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, बघून एका दिवसातही निघतं. त्यात खाली बारीक अक्षरात मालमत्तेच्या कायदेशीर आणि तांत्रिक तपासणीची अट असते, आणि आमचं बोट नेहमी वरच्या मोठ्या आकड्यावर असायचं. तुम्ही ते धरून खाली नेलंत. पत्राची तारीख, मुदत, अर्जदार कोण कोण, सहअर्जदाराचा पगार धरला आहे का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. शिवाय बँक करारातली किंमत आणि तिच्या मूल्यमापकाने काढलेली किंमत यांतल्या कमी आकड्यावर कर्ज देते. मूल्यांकन ७४ लाख आलं तर ८० टक्क्यांनी ५९ लाख २० हजारच मिळणार, आणि ४ लाख ८० हजारांचा खड्डा ऐनवेळी पडणार. तो खड्डा कशाने भराल, हेही त्याच पानावर तुम्ही विचारून घेतलंत. आपल्या इमारतीत निम्म्यांनी बाल्कन्या आत घेतल्या आहेत, तेव्हा मूल्यमापक काय शेरा मारेल याची धास्ती खरेदीदाराहून आपल्यालाच जास्त हवी. यावर तुमचा उपाय किती सोपा होता! ‘याच इमारतीत त्या बँकेने आधी कुणाला कर्ज दिलंय का, ते बघा.’ दिलं असेल तर इमारतीचे कागद त्यांच्या वकिलाने एकदा पाहिलेले असतात आणि बरंचसं काम हलकं होतं. इतकी वर्षं ही माहिती आमच्याच जिन्यात पडून होती; बी विंगमधल्या दोघांचे हप्ते त्याच बँकेत जातात.

हप्त्याचंही गणित तुम्ही तोंडी केलंत. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये, म्हणजे ६४ लाखांना साडेपंचावन्न हजार. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यात बसावेत, असं बँका बघतात. गाडीचा १८ हजारांचा हप्ता चालू असेल तर हातात दीड लाखाच्या आसपास यायला हवेत. आणि मंजुरी मिळाली म्हणून त्याच आनंदात सोफा आणि मोठा टीव्ही हप्त्यावर उचलणारे असतात. पैसे सोडण्याआधी बँक पुन्हा सिबिल काढू शकते, तेव्हा ते अडकतात. नोकरी बदलणारे तसेच. ‘चेक निघेपर्यंत नवीन हप्ता नको आणि राजीनामा नको,’ असं तुम्ही त्या पोराला हसत सांगितलंत, सासऱ्याने जावयाला सांगावं तसं.

पण काका, सगळ्यात मोठी जोखीम साठेखताची, म्हणजे पुढे घर विकण्याच्या नोंदवलेल्या कराराची, आणि तीच आम्हाला कुणी सांगितली नव्हती. बँक पैसे सोडते ते करार नोंदवल्यावर. म्हणजे आपल्या हातात पंधरा-वीस टक्के आणि इंडेक्स टूवर खरेदीदाराचं नाव, अशी मधली अवस्था कर्जाच्या प्रत्येक व्यवहारात येतेच. त्या अवस्थेत कर्ज नाकारलं गेलं तर करार आपोआप मिटत नाही. तो रद्द करणारा दस्त, रद्दलेख, करावा लागतो, तोही नोंदवावा लागतो, आणि त्यावर खरेदीदाराची सही लागते. चिडलेला खरेदीदार सहीला फिरकत नाही, आणि पुढचं गिऱ्हाईक सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे वकिलाने जुन्या नोंदी तपासून दिलेल्या अहवालात, त्याचं नाव दिसलं की पळतं. म्हणून तुमचा हट्ट: बँकेची वकिली तपासणी आणि मूल्यांकन मसुद्यावरच उरकून घ्या, अंतिम मंजुरी हातात आल्यावरच नोंदणीला जा. करारात दिवस मोजून लिहा, नोंदणीपासून ४५ दिवसांत बँकेचे पैसे, आणि कर्ज नामंजूर झालं तर १५ दिवसांत रद्दलेखाची सही आणि घेतलेली रक्कम परत, दोन्ही एकाच दिवशी, एकाच टेबलावर. शेवटचा रुपया येईपर्यंत किल्ली द्यायची नाही. ‘नुसतं सामान ठेवायला एक खोली द्या’ हेही नाही, कारण नोंदलेला करार आणि ताबा एकत्र आले की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३-अ खरेदीदाराच्या मागे उभं राहू शकतं, त्याला बाहेर काढणं अवघड होतं, आणि मग तारखा कोर्टाच्या.

बाकीच्या खुणा तुम्ही जाता जाता सांगितल्यात, पण आम्ही लिहून ठेवल्या आहेत. टोकन खात्यात जमा झालं तरच आलं म्हणायचं. ते खरेदीदाराच्याच खात्यातून यायला हवं; मित्राच्या खात्यातून आलं तर आधी कारण विचारायचं. करारात ‘खरेदीदार किंवा तो सांगेल ती व्यक्ती’ असे शब्द मागणारा राहायला येणार नाही, तो लाखभर रुपयांत आपला फ्लॅट अडकवून वर भाव मारून फिरवणार. ‘थोडे कॅशमध्ये घ्या’ म्हणणाऱ्याला तिथेच हात जोडायचे: २०१५ पासून घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसतो, म्हणजे आपल्यावर. ५० लाखांच्या वरच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस, म्हणजे आपल्या नावचा प्राप्तिकर, कापून घेतो, इथे ८० हजार. तो कधी भरणार आणि प्रमाणपत्र कधी देणार, हेही पानावर लिहून घ्यायचं.

आणि ती पाण्याची खूण! घर बघायला आलेला माणूस पाणी किती वाजता येतं हे विचारतो का, वरच्या मजल्यावर दाब कसा आहे म्हणून नळ सोडून बघतो का, पार्किंगमध्ये गाडी वळते का ते पाहतो का, दुसऱ्या खेपेला आईला घेऊन येतो का. जो फक्त ‘फायनल किती’ आणि ‘ताबा कधी’ विचारतो, त्याला चहा पाजायचा, पण जाहिरात उतरवायची नाही.

एजंटने आणलेला ८२ लाखांचा माणूस आम्ही सोडला, तेव्हा नातेवाइकांनी वेड्यात काढलं. त्याच्या कागदावर एकही तारीख नव्हती, काका. दोन लाख दिसत होते, तारीख दिसत नव्हती.

एवढी छाननी करूनही समोरच्याचा पाणउतारा कसा होऊ दिला नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं. पगाराची पावती वडिलांसमोर मागितली नाहीत, नवऱ्याला बाहेर जिन्यात नेऊन विचारलंत. ‘त्याच्या ऑफिसात फोन लावून बघू का?’ असं आमच्यातल्या एकाने म्हटल्यावर तुम्ही असं बघितलंत की तो विषय कायमचा मिटला. सिबिल रिपोर्ट आपण काढायचा नसतो, तो त्याने स्वतःहून दाखवायचा, आणि वर्षातून एकदा फुकट मिळतो म्हणून त्याला त्रासही नाही, हे त्या दिवशी समजलं. एखाद्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं सोपं असतं, आणि सरसकट सगळ्यांना चोर समजणं तर त्याहून सोपं. तुम्ही दोन्ही न करता पेन पुढे केलंत. अशी माणसं सोसायटीत असली की लिफ्ट बंद असली तरी चालतं.

सी विंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पुढच्या महिन्यात फ्लॅट विकायला काढतायत. त्यांनाही एजंटचा फोन येऊन गेला, पार्टी स्ट्राँग आहे म्हणे. गेल्या महिन्याचं पान टाकून देऊ नका, असं आम्ही त्यांना सांगून ठेवलंय. येताना पेन मात्र तुमचंच आणा. त्यांच्या घरातलं एकही उमटत नाही.

तुमचाच,
ए विंगमधला, आणि बाकी तीन घरांच्या वतीने